अंडी बारीक का पडतात?

परसात कोंबड्या पाळणाऱ्या घरांतून यवतमाळ जिल्ह्यात एक तक्रार वर्षातून दोनदा तरी ऐकू येते: "अंडी बारीक पडायला लागली." एकदा एप्रिल-मेच्या उन्हात, आणि एकदा नव्या तलंगा अंड्यावर येतात तेव्हा. शब्द तेच, पण गोष्टी दोन आहेत. उन्हाळ्यात कोंबडीला मदत हवी असते आणि ती लगेच हवी असते. तलंगेच्या बाबतीत बहुधा धीर पुरतो. केव्हा काय करायचे, हे ओळखता यावे म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. दुकानात ट्रेमध्ये मिळणारे पांढरे अंडे हे गावरान अंड्याचे माप नव्हे. पोल्ट्रीतली ती कोंबडी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून केवळ अंड्यांसाठी घडवलेली आहे. ती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते आणि एकेक अंडे ५५ ग्रॅमच्या आसपास भरते. आपली गावरान कोंबडी वर्षभरात पन्नास ते सत्तर अंडी देते, मध्ये खुडूक बसते, पिल्ले काढते, त्यांना घेऊन उकिरडा उकरते, घारीपासून त्यांना जपते. तिचे अंडे साधारण ३५ ते ४५ ग्रॅमचे. ॲगमार्कच्या प्रतवारीत ३८ ते ४४ ग्रॅमचे अंडे 'लहान', ४५ ते ५२ 'मध्यम', ५३ ते ५९ 'मोठे' आणि ६० च्या वरचे 'अतिमोठे'. म्हणजे उत्तम सांभाळलेल्या गावरान कोंबडीचे अंडेही कागदावर बहुतेकदा 'लहान'च ठरते. त्यात कमीपणा काही नाही. लहान अंड्यात बलकाचा वाटा जास्त असतो, आणि आठवडी बाजारात गावरान अंडे वजनावर नव्हे, नगावर आणि पोल्ट्रीच्या अंड्याहून चढ्या भावाने विकले जाते.

मग आकाराकडे लक्ष द्यायचे कशाला? कारण कोंबडीला पोटभर मिळते का, पाणी पुरते का, तिच्या अंगात काही रोग मुरतो आहे का, हे अंड्याच्या वजनावरून लवकर कळते आणि कळायला पैसा लागत नाही. मात्र त्यासाठी शेजारणीच्या अंड्याशी तुलना करून उपयोग नाही. आपल्या कोंबड्यांचे अंडे त्यांच्याच मागच्या महिन्याच्या अंड्याशी ताडायचे. किराणा दुकानातल्या काट्यावर दहा अंडी एकदम तोला, आलेल्या वजनाला दहाने भागा आणि तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. महिन्यातून एकदा एवढे केले तरी पुरे. दहा अंडी यासाठी की एकाच कोंबडीची अंडीसुद्धा सारखी नसतात. लागोपाठच्या दिवसांत जी अंडी पडतात त्यांतले पहिले सहसा मोठे आणि पुढची थोडी थोडी लहान होत जातात. एखाद-दोन ग्रॅमच्या चढउताराने काळजी करू नये. सगळ्या कोंबड्यांची सरासरी चार-पाच ग्रॅमने उतरली, तर मात्र कारण शोधायला लागावे.

कारण शोधण्यापूर्वी अंडे कसे तयार होते ते थोडक्यात समजून घ्यायला हवे, कारण सगळे उपाय त्यातूनच निघतात. बलक अंडाशयात शेवटच्या आठ-दहा दिवसांत झपाट्याने वाढतो. पूर्ण वाढलेला बलक अंडनलिकेत उतरला की अंदाजे तीन तासांत त्याच्याभोवती पांढरा भाग चढतो, मग पापुद्रा, आणि शेवटी सुमारे वीस तास कवच बनत राहते. सगळे मिळून २४ ते २६ तास. तयार अंड्यात साठ टक्क्यांच्या जवळपास पांढरा भाग, तीस टक्के बलक आणि दहा टक्के कवच असते. पांढरा भाग म्हणजे प्रथिने आणि पाणी. कवच सोडून उरलेल्या अंड्याचा विचार केला तर त्यातला पाऊण हिस्सा पाणीच आहे. आज खुराक बदलला तर उद्या अंडे मोठे पडणार नाही, हेही यावरून लक्षात येईल. फरक दिसायला दोन आठवडे द्या. पाण्याचे तसे नाही. एक दिवस पाणी आटले तर त्याचा फटका दोन-तीन दिवसांतच दिसतो.

तलंगेची पहिली अंडी लहानच असतात, कारण तिचा बलकच लहान असतो. वय वाढते तसा बलक वाढतो आणि अंडे भरत जाते. गावरान तलंग सहा-सात महिन्यांची झाली की अंड्यावर येते. त्यानंतरचे तीन-चार महिने वजन हळूहळू चढत राहते, आणि दुसऱ्या वर्षी पिसे झडून नवी आल्यावर जी अंडी पडतात ती बहुधा तिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी असतात. संख्या मात्र तेव्हा कमी होते. तलंग नुकतीच अंड्यावर आलेली असते त्या काळात कधी दोन बलकांचे, कधी बलक नसलेले सुपारीएवढे अंडे पडते. नव्या कोंबडीच्या शरीराची लय बसायला वेळ लागतो, त्यामुळे कधी दोन बलक एकदम सुटतात, तर कधी बलकाशिवाय नुसता पांढरा भागच कवचात बंद होतो. असे अंडे पाहून घाबरू नये, कोंबडीला दोष देऊ नये, आणि तेवढ्यासाठी तिला विकूनही टाकू नये.

तरीही तलंगेच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या हातात असते, आणि ती अंड्यावर येण्याच्या कितीतरी आधीची आहे. पहिले अंडे देताना तलंगेचे अंगचे वजन किती होते, त्यावर तिच्या पुढच्या अंड्यांचा आकार बराचसा ठरतो. उपाशीपोटी वाढलेली, हाडाने बारीक राहिलेली तलंग नंतर कितीही खाऊ घातली तरी मागे पडते. आपल्याकडे पिल्ले आईबरोबर मोकळी फिरतात आणि टाकलेले दाणे मोठ्या कोंबड्याच आधी टिपून जातात. यावर सोपा उपाय म्हणजे बांबूचे डालगे. डालग्याला पिल्लू आत शिरेल आणि कोंबडी शिरणार नाही एवढे तोंड ठेवा, आत पिल्लांसाठी बारीक भरड आणि उथळ ताटलीत पाणी ठेवा. पहिले आठ आठवडे हे केले तर पिल्ले मरण्याचे प्रमाण घटते आणि तलंगा भरदार होतात. माझ्या मते परसातल्या कोंबडीपालनात एवढ्या थोड्या खर्चात एवढा फायदा देणारी दुसरी गोष्ट नाही. वीज असलेल्या घरांतून कोणी लवकर अंडी मिळावीत म्हणून तलंगांच्या खुराड्यात रात्री दिवा लावतात. तसे करू नये. जास्त उजेडाने तलंग अंगाने भरण्याआधीच अंड्यावर येते, अंडी लहान राहतात, आणि अपुऱ्या वाढीच्या कोंबडीला अंडे देताना अंग बाहेर येण्याचा धोकाही असतो. ज्या कोंबड्या आधीच अंड्यावर आहेत त्यांना डिसेंबरच्या आखूड दिवसांत तास-दोन तास उजेड वाढवून दिला तर अंड्यांची संख्या टिकते, आकार त्याने वाढत नाही.

आता खाणे. या बाबतीत आपला जिल्हा एकाच वेळी श्रीमंतही आहे आणि अडचणीतही. वावरात सोयाबीन आहे, तूर आहे, कपाशी आहे. म्हणजे प्रथिनांचा साठा घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो. पण यातल्या दोन गोष्टी जशाच्या तशा कोंबडीपुढे टाकल्या तर अंडे उलट उतरते.

पहिली गोष्ट कच्चे सोयाबीन. त्यात प्रथिनांचे पचन रोखणारा घटक असतो. कोंबडी पोट भरून सोयाबीन खाते, पण तिच्या अंगाला ते लागत नाही. उलट स्वादुपिंडावर ताण येतो आणि अंड्याचे वजन घटते. हा घटक उष्णतेने निकामी होतो. म्हणून सोयाबीन कढईत खमंग वास येईपर्यंत भाजून, गार करून, भरडून द्यावे. कारखान्यातून तेल काढून आलेली सोयाबीनची ढेप आधीच तापवलेली असते, ती चालते.

दुसरी गोष्ट सरकीची ढेप. गाई-म्हशींसाठी ती घरोघरी असते आणि कोंबड्या गोठ्यात शिरून ती टिपतातही. गाईच्या पोटात जे पचते ते कोंबडीच्या पोटात पचत नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. ते कोंबडीच्या शरीरातले लोह अडवून ठेवते, भूक मंदावते, अंडी कमी आणि लहान होतात. अंडी काही दिवस ठेवली तर बलक हिरवट-तपकिरी पडतो. सरकीच्या तेलातल्या आणखी एका घटकाने पांढऱ्या भागावर गुलाबी झाक येते. असे अंडे फोडल्यावर घरातले लोक घाबरून फेकून देतात, आणि बाजारात गिऱ्हाइकाच्या हाती गेले तर ते गिऱ्हाईक परत येत नाही. पऱ्हाटीच्या मुलखात अंड्याचा रंग बिघडला की पहिली शंका गोठ्यातल्या ढेपेवर घ्यावी आणि ढेपेचे टोपले उंचावर ठेवावे. जवसाच्या ढेपेचेही असेच: जनावरांना उत्तम, कोंबडीला मानवत नाही.

मग द्यायचे काय? दहा भागांचे एक मिश्रण सांगतो. ज्वारी, मका किंवा तांदळाची कणी, जे घरात असेल त्याचे सहा भाग. भाजून भरडलेले सोयाबीन दोन भाग. तुरीची किंवा हरभऱ्याची चुनी एक भाग. गव्हाचा किंवा तांदळाचा कोंडा एक भाग. यात सोळा टक्क्यांच्या आसपास प्रथिने बसतात, आणि अंड्यावरच्या कोंबडीला तेवढी लागतात. मीठ चिमूटभरच, म्हणजे किलोभर मिश्रणाला अंदाजे तीन ग्रॅम. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला या मिश्रणाचे तीस-चाळीस ग्रॅम, म्हणजे मूठभर, रोज पुरते. बाकीचे ती उकरून मिळवते. नुसती ज्वारी टाकणाऱ्या घरात हा बदल केला की फरक दिसतो, कारण ज्वारीत प्रथिने नऊ-दहा टक्केच असतात. शक्य असेल तर मिश्रणात तिळाची ढेप थोडी घालावी. अंड्याच्या आकाराला मेथिओनिन नावाचा प्रथिनघटक फार महत्त्वाचा आहे. सोयाबीनमध्ये तो कमी, तिळात चांगला. करडई, सूर्यफूल, तीळ, मका यांच्या तेलातून मिळणारे लिनोलेइक आम्लही बलक भरायला लागते. करडईचा पेरा पूर्वीइतका राहिला नाही, पण घरी असेल तर मूठभर दाणे वाया जात नाहीत.

मेथिओनिनचा सर्वांत स्वस्त साठा मात्र जमिनीत आहे: किडे, गांडुळे, वाळवी. पावसाळा सुरू झाला की गावरान अंडी आपोआप सुधारतात, त्यात या किड्यांचा मोठा वाटा असतो. कोरड्या दिवसांत एका मडक्यात ओले शेण, कुजका कडबा आणि गोणपाटाचे तुकडे भरून ते वाळवीच्या जागी संध्याकाळी पालथे घालावे. सकाळपर्यंत वाळवी चढते. ती पिल्लांपुढे झटकली की काय होते ते स्वतःच पाहा. फक्त जागा घराच्या लाकडापासून आणि धान्याच्या कणगीपासून दूर निवडा.

किड्यांवरून एक गंभीर गोष्ट सांगितलीच पाहिजे. २०१७ च्या खरिपात कपाशीवरच्या फवारणीने याच जिल्ह्यात शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे जीव गेले. जे विष माणसाला मारते ते फवारलेल्या वावरातला मेलेला किडा टिपणाऱ्या कोंबडीला सोडणार नाही, आणि ती जगली तरी तिचे अंडे आपल्याच लेकरांच्या ताटात येणार आहे. फवारणीच्या काळात कोंबड्या बांधावरून आत जाऊ देऊ नयेत. फवाऱ्याचा पंप धुतलेले पाणी परसात ओतू नये. औषध लावलेले लाल-गुलाबी बियाणे उरले तर ते कधीही कोंबडीपुढे टाकू नये. विषाच्या रिकाम्या डब्यात कोंबड्यांना पाणी ठेवणे तर सरळ घातच आहे.

धान्याच्या बुरशीकडेही असेच काटेकोरपणे पाहावे. परतीच्या पावसात भिजलेले सोयाबीन, काळी पडलेली ज्वारी, कुबट वासाची भुईमुगाची ढेप, हे 'माणसाला नको तर कोंबडीला' म्हणून दिले जाते. बुरशीतले अफलाटॉक्सिन कोंबडीचे यकृत खराब करते आणि बलक तर यकृतातच बनलेल्या द्रव्यांनी भरतो. यकृत बिघडले की बलक लहान, म्हणून अंडे लहान. नुसते ऊन देऊन बुरशी वाळते, विष जात नाही. असे धान्य उकिरड्यावरही टाकू नये, कोंबडी तिथेच आधी जाते. ते पुरून टाकावे.

कवचाचा आकाराशी संबंध थोडाच, पण पातळ कवचाचे अंडे वजनाला कमी भरते आणि फुटते. शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची भरड वेगळ्या ताटलीत ठेवा, मिश्रणात कालवू नका. तलंगांना आणि पिल्लांना जास्त कॅल्शियम बाधते, अंड्यावरची कोंबडी गरजेपुरते स्वतः टिपते. ताटली दुपारनंतर ठेवली तर उत्तम, कारण कवच मुख्यतः रात्री बनते.

आता उन्हाळा. यवतमाळचा मे महिना म्हणजे ४२ ते ४५ अंशांचे ऊन. कोंबडीला घाम येत नाही. हवा तीस-बत्तीस अंशांच्या वर गेली की ती चोच उघडून धापा टाकू लागते, पंख अंगापासून दूर धरते आणि खाणे कमी करते. खाणे कमी झाले की बलकाला आणि पांढऱ्या भागाला लागणारा माल कमी पडतो. धापा टाकताना श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि कवच बनायला लागणारा घटक रक्तात कमी होतो, म्हणून याच दिवसांत कवच पातळ पडते. लहान आणि पातळ कवचाचे अंडे एकाच वेळी दिसू लागले तर रोग शोधण्याआधी ऊन पाहा.

या दिवसांत खाण्याची वेळ बदलावी. दिवस उगवताच, ऊन चढण्यापूर्वी एकदा आणि सूर्य कलल्यावर एकदा. दुपारी खाऊ घालू नये. पचनाने अंगातली उष्णता आणखी वाढते. खाणे कमी जाते म्हणून मिश्रणातले सोयाबीन किंवा ढेप थोडी वाढवावी, म्हणजे थोड्या घासात प्रथिने पुरतील. टिनाच्या छपराचे खुराडे दुपारी भट्टी होते. त्यावर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा कडब्याचा जाड थर टाका, वरून चुना मारता आला तर मारा, उन्हाच्या बाजूला ओले गोणपाट लावा, पण वारा अडवू नका. कडुनिंबाच्या दाट सावलीखाली नुसते डालगे ठेवले तरी बंद टिनाच्या खोलीपेक्षा कोंबडी सुखात राहते.

आणि पाणी. एरवी कोंबडी खाण्याच्या दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात तीन-चार पट. प्लॅस्टिकच्या भांड्यातले उन्हात तापलेले पाणी ती पीत नाही. मातीची पसरट कुंडी सावलीत ठेवावी, ती निम्मी जमिनीत पुरावी आणि दिवसातून तीनदा पाणी बदलावे. मला ठाऊक आहे, झरी-जामणी, मारेगाव, केळापूरच्या पोडांवर, म्हणजे लहान वस्त्यांवर, उन्हाळ्यात माणसालाच पाणी लांबून आणावे लागते. अशा ठिकाणी भांडी धुतलेले साबणाचे पाणी कोंबडीपुढे ठेवण्यापेक्षा भाजी किंवा तांदूळ धुतलेले पाणी वेगळे काढून तिला द्यावे. ते तिच्यासाठी चांगलेच असते.

खाणे-पाणी ठीक, ऊन नाही, तरीही अंडी उतरली, वेडीवाकडी झाली, कवच खरखरीत किंवा मऊ आले, तर रोगाकडे वळावे. पोटातले जंत हे सर्वांत नेहमीचे कारण. दर तीन महिन्यांनी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतांचे औषध द्यावे. उवा अंगावरच राहून कोंबडीला हैराण करतात आणि लालसर गोचीड रात्री रक्त पितात, त्यासाठी खुराड्याच्या फटी चुन्याने लिंपाव्यात आणि एका खड्ड्यात राख व कोरडी माती ठेवावी, कोंबड्या त्यात स्वतः लोळतात. मानमोडीत, म्हणजे राणीखेत रोगात, कोंबड्या मरतातच. ज्या वाचतात त्यांची अंडी कित्येक आठवडे बिघडलेली राहतात. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास राणीखेतची दुसरी लस, हे चुकवू नये. लस पुष्कळ पक्ष्यांच्या मात्रेच्या कुपीत येते. म्हणून चार-सहा घरांनी मिळून एकाच सकाळी लसीकरण करावे. बचत गटातून हे सहज जमते.

शेवटी रक्ताचा प्रश्न. अंड्याचा आकार मोठ्या प्रमाणात वंशातून येतो. ज्यांना मोठेच अंडे हवे आहे त्यांच्यासाठी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती परसासाठी तयार केल्या आहेत. त्यांचे अंडे चांगल्या सांभाळात ५५ ते ६० ग्रॅमपर्यंत जाते. ग्रामप्रिया अंड्यांसाठी अधिक चांगली. वनराजा अंगाने जड, जास्त खाऊ घातली तर चरबी धरते आणि अंडी घटतात. पण या कोंबड्या खुडूक बसत नाहीत. पिल्ले दरवेळी विकत आणावी लागतात, आणि जड अंगामुळे घार-मुंगसापासून पळणेही त्यांना गावरानीइतके जमत नाही. मी सल्ला देतो तो असा: परसात गावरान ठेवाव्यात, हव्या तर दोन-चार ग्रामप्रिया त्यांच्यासोबत सांभाळाव्यात आणि ग्रामप्रियांची अंडी गावरान कोंबड्यांखाली उबवावीत. पिल्ले कुठे मिळतात, प्रशिक्षण केव्हा आहे, हे यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

गावरानीतूनच हळूहळू सुधारणा करायची असेल तर उबवायला ठेवायची अंडी निवडताना लक्ष द्या. साधारणपणे जी चांगली अंडी असतात ती विकली जातात आणि उरलेली कोंबडीखाली जातात. पिढ्यान्‌पिढ्या असे झाले की अंडी बारीकच होत जाणार. आपल्या कळपातली जी कोंबडी दुसऱ्या वर्षात आहे, अंडी नेमाने देते आणि जिचे अंडे इतरांपेक्षा थोडे भरदार आहे, तिची अंडी बाजूला काढा. फार मोठे अंडे घेऊ नका, दोन बलकांचे तर मुळीच नाही, त्यातून सहसा पिल्लू निघत नाही. फार लहानही नको, कारण पिल्लाचे वजन अंड्याच्या वजनाच्या दोन तृतीयांशाएवढे असते आणि बारीक पिल्लू थंडीत टिकत नाही. ताजी, आठवड्याच्या आतली, गुळगुळीत कवचाची दहा-बारा अंडी एका खुडूक कोंबडीखाली पुरतात. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतील. आणि कोंबडा दर दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या गावाहून बदलून आणा, तोही भरदार अंडी देणाऱ्या कोंबडीचे पिल्लू आहे याची मालकिणीकडे चौकशी करून, कारण पुढच्या तलंगांच्या अंड्यांत निम्मा वाटा त्याचा असतो.